फळ्यावरचा दुसरा नंबर

जळगाव,
बुधवार, ता. ९ जानेवारी १९५७

प्रिय बेबा,

तुझं कार्ड काल दुपारी मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तेही पाच ओळींपुरतं. एका ओळीत माझ्या तब्येतीची चौकशी, एका ओळीत आगाऊ तिळगूळ, आणि उरलेल्या तीन ओळी कामाच्या. त्या तीन ओळींचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. ते देणारच आहे, पण शेवटी. आधी जे सांगायचं आहे ते कार्डावर मावणारं नाही. शिवाय तुमच्याकडे आलेलं कार्ड आधी ओट्यावर मोठ्यानं वाचतात आणि मग आत देतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पाकीट टपालात न टाकता झिपरूजवळ देते. झिपरू आमच्या इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरचा जुना माणूस, तुमच्या शेजारच्याच गावचा, रविवारी घरी जायचा आहे. तुझ्याच हातात देईन असं त्यानं कबूल केलं आहे. एकटी असशील तेव्हा वाच.

तुझा नंबर पुढच्या शुक्रवारचा आहे, अठरा तारखेचा. त्या दिवशीच्या पाच जणांत दुसरा. डिसेंबरात मोठ्या डॉक्टरांनी तुला तपासलं, पोटात मोसंबीएवढा गोळा आहे म्हणाले, आणि फळ्यावर तुझ्या नावापुढे लाल खडूनं ठिपका काढायला सांगितला. लाल ठिपका म्हणजे या माणसाला थांबवायचं नाही. तेव्हा तू अख्खा वेळ खाली मान घालून बसलीस, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मी तुला दोष देत नाही. तुझ्या मायच्या तेराव्याला तू मला विचारलं होतंस, की आत्या, ती भ्यायली होती तर तू तिला धरून का नाही बसवलंस, यादी तर तुझ्याच हातात होती. तुझे बाबा शेजारीच उभे होते. मी तोंडातून शब्द काढला नाही. आता काढते.

तुला माहीत आहे, नवरा गेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तुझ्या बाबांनी सगळ्या भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून मला धुळ्याला नर्सिंग शिकायला ठेवलं. लोक काय काय बोलले ते त्यांनी एकट्यानं ऐकून घेतलं. ते उपकार मी कधी विसरले नाही, आणि तेच पुढे नडले. शिकून मी या धर्मादाय इस्पितळात आले तेव्हा इथं मंगळवारी आणि शुक्रवारी ऑपरेशनं व्हायची, दिवसाला दोन. तिसरं झालं तर पेढे वाटायचेच बाकी. बाहेर आवारात निंबाखाली माणसं तीन तीन महिने चुली मांडून बसलेली. रावेरकडच्या एका म्हाताऱ्यानं नळाच्या पाण्यावर मिरच्या लावल्या आणि नंबर येईपर्यंत त्या तोडून खाल्ल्यासुद्धा. सगळे हसायचे. मला हसू येत नव्हतं, कारण वाट पाहता पाहता निंबाखालूनच परस्पर तिरडीवर गेलेले पण मी मोजले होते.

मग मी एक महिना घड्याळ लावून बसले. कोणाला सांगितलं नाही, कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेले. दहा ते दोन या चार तासांत डॉक्टरांच्या हातात सुरी असायची ती फक्त एक तास वीस मिनिटं. बाकीचा वेळ कुठं जायचा ते ऐक. पेशंट टेबलावर घेतल्यावर कळायचं की त्याचे केसच काढलेले नाहीत. पहिलं ऑपरेशन झालं की तीच हत्यारं धुऊन पुन्हा उकळायला टाकायची, तोवर डॉक्टर खिडकीत उभे. संमतीच्या कागदावर अंगठा द्यायचा तो दीर बैल बघायला बाजारात गेलेला, त्याला शोधायला माणूस धाडायचा, मग तो माणूसही बाजारातच. मी हत्यारांचे दोन संच करून घेतले, एक चालू असताना दुसरा उकळत ठेवायचा. एनिमा, केस काढणं, अंगठा, सगळं आदल्या दिवशी उरकायचं. पहिल्याला टाके घालायला लागले की दुसरा शेजारच्या खोलीत बाकावर तयार बसलेला पाहिजे. दहाच्या जागी आठला सुरुवात. वर्षभरात दोनाची पाच ऑपरेशनं झाली, आणि तीन महिन्यांची वाट पाच आठवड्यांवर आली. विश्वस्तांनी समारंभ करून डॉक्टरांना हार घातला. हाराचं तबक माझ्या हातात होतं. असो.

फळासुद्धा माझाच. व्हरांड्यात मोठा काळा फळा लावला, त्यावर नंबर, नाव, गाव. सगळ्यांना दिसेल असा, म्हणजे कोणी मामलेदाराची चिठ्ठी आणून मधे घुसणार नाही. चिठ्ठीवाल्यांचा बंदोबस्त लवकर झाला. बंदोबस्त झाला नाही तो मानाचा. आपल्या माणसांचं तुला काय सांगावं. रात्रीपासून पोट रिकामं ठेवून बाकावर बसलेला माणूस, मागच्या नंबरांत गावच्या पाटलाचा भाऊ दिसला की उठून उभा राहायचा. आधी तुम्ही. पंगतीत पाट सरकवावा तसा आपला नंबर सरकवायचा. तो पाटलाचा भाऊ सकाळी भाकरी खाऊन आलेला असायचा, त्याला भूल देता यायची नाही, हा बाकावरून उठून गेलेला, आणि टेबल तासभर रिकामं. कोणाचा मामेसासरा, कोणाचे गुरुजी, कोणाची मोठी जाऊ. शेवटी मी नियमच केला की नंबराची अदलाबदल होणार नाही, तुमचा मान तुमच्या गावात. लोक मला मागून खडूबाई म्हणायला लागले. म्हणेनात का.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या मायचा नंबर संक्रांतीनंतरच्या मंगळवारचा होता, दुसराच. तुझ्या लग्नाला तेव्हा नऊ महिने झाले होते. तिचा गोळा नारळाएवढा झाला होता, गावात बाया विचारायच्या की भागाबाई, चाळिशीत पुन्हा काय हे, आणि ती हसून सांगायची की पोरगा आहे, पण भारी आळशी आहे, बाहेरच येत नाही. ती रविवारीच आली. सोमवारी आयाबाईनं सगळी तयारी केली, तिनं हूं की चूं केलं नाही. मंगळवारी सकाळी सहाला अंघोळ करून, सांगितल्याप्रमाणे केसांच्या दोन वेण्या घालून ती माझ्या आधी बाकावर येऊन बसली होती. बांगड्या काढायला नको म्हणाली, म्हणून मी त्यांच्यावर पट्टी गुंडाळली. पट्टी बांधताना मला काय म्हणाली असेल. म्हणाली, गोळा काढला की फेकू नको, इंदू, इतके दिस पोटात वागवला, त्याचं तोंड तं पाहू दे मले. बेबा, ही बाई भ्यायलेली होती असं तुला वाटतं का?

सात वाजता तुझे सासरे आले. चुडामणभाऊ आदल्या दिवशी विहीणबाईंना बघायला म्हणून यावलहून आले होते, ते रीतच आहे, त्याबद्दल बोलणं नाही. पण आलोच आहे तर म्हणून त्यांनी डॉक्टरांना आपला अंतर्गळही दाखवला होता. अकरा वर्षं पट्टा बांधून वागवलेला अंतर्गळ. डॉक्टर म्हणाले, करू, घाई नाही, आणि मी चौतिसावा नंबर लिहिला. मंगळवारी सकाळी ते इस्त्रीचं धोतर नेसून पुन्हा आले आणि व्हरांड्यात खुर्चीवर बसले, फळ्याकडे तोंड करून. तुझ्या बाबांनी चहा मागवला. तो त्यांनी घेतला नाही. पाणीही नको म्हणाले. अकराच्या गाडीनं जातो, इथं आपलं काय काम, एवढंच म्हणाले. तोंडानं त्यांनी काही मागितलं नाही, हे मी आजही मान्य करते. पण झिपरूनं मला हळूच सांगितलं, की ते रात्री जेवलेले नाहीत आणि केस काढूनच आले आहेत.

तुझे बाबा मला बाजूला घेऊन गेले. हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखेच. आपन पोरीकडचे, इंदू, म्हणाले, व्याही बाहेर चौतिसावा आणि आपली बाई दुसरी, हे त्याहिनं फळ्यावर वाचलं, आता पोरीले तोंड वर काढू देतीन का ते लोक? मी म्हटलं, सहावं ऑपरेशन करायला सांगते. डॉक्टरांना विचारलं. पण त्या दिवसाची कापडं, हातमोजे पाच जणांपुरतेच वाफवलेले होते, सहावं होणार नाही म्हणाले. म्हणजे एकाला उठावं लागणार होतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ते असं. आम्ही काय बोलतो ते वहिनीला बाकावरून ऐकू जात होतं. ती उठली. हातावरची पट्टी स्वतःच सोडली. म्हणाली, जाऊ दे त्याहिले, पोरीचं घर हाये, मी काय, आज नाही तं सुक्करवारी. आणि बाकावरची जागा पदरानं झटकून दिली, व्याह्यांना बसायला.

मी काय केलं ते आता सांगते, कारण ते कोणीच तुला सांगणार नाही. डॉक्टरांनी दारातून विचारलं, सिस्टर, दुसरा कोण? वहिनीच्या नावापुढचा लाल ठिपका त्यांना ठाऊक होता. मी नुसतं भागाबाई म्हटलं असतं, तर तुझे बाबा काय आणि तुझे सासरे काय, कोणाची छाती नव्हती डॉक्टरांपुढे बोलायची. नियम माझा होता, खडू माझा होता. मी चुडामणभाऊंचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण मी यादीत चूक करत नाही असा त्यांचा विश्वास होता, ते हात धुवायला वळले. मग मी फळ्यावरचं वहिनीचं नाव पुसलं. पाच मिनिटांचा उशीर होईल म्हणून फडकं शोधत बसले नाही, हातानंच पुसलं.

का केलं म्हणशील. तुझ्या लग्नात मला स्वयंपाकघरातून बाहेर येऊ दिलं नव्हतं, आठवतं का? मुलीची आत्या नर्स आहे, विधवा, परक्या पुरुषांना हात लावते, असं तुझ्या सासरचे म्हणाले होते आणि सोयरीक मोडता मोडता राहिली होती. तुझ्या अक्षताही मी खिडकीतून टाकल्या. माझ्यापायी तुझं लग्न एकदा मोडत होतं, आता माझ्या फळ्यापायी तुझा संसार मोडायला नको, एवढंच डोक्यात आलं. शिवाय दादाचे उपकार. हे मी तुझ्या माथी मारत नाही, तू तर तिथं नव्हतीसही. पण भ्यायलं कोण होतं, ते तुला कळावं. वहिनी नाही. आम्ही दोघं भाऊबहीण भ्यायलो होतो. आणि ज्या माणसाला नर्सचा विटाळ होत होता त्याला पाठीत भुलीची सुई देताना मीच खांद्याला धरून बसवलं, चाळीस मिनिटं त्यानं माझं मनगट सोडलं नाही.

शुक्रवारी डॉक्टरांना धुळ्याला एका जुन्या खटल्यात साक्षीला जावं लागलं. पुढच्या मंगळवारी पाचही लाल ठिपके होते, त्यातला एक आतडं अडकलेला. वहिनी म्हणाली, इथं बसून फुकटची भाकर कशाला मोडू, घरी केळीची कापणी आहे. तुझे बाबा तिला घेऊन गेले. मधल्या शुक्रवारी डॉक्टरांची पुन्हा साक्षीची तारीख होती, म्हणून मी तिचा नंबर त्याच्या पुढच्या मंगळवारी लिहिला. त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, तिला बैलगाडीत घालून यावलला आणि तिथून मोटारीनं इथं आणलं. गोळ्याला पीळ पडला होता. सुट्टीचा दिवस, तरी मी अठरा मिनिटांत थिएटर तयार केलं, बेबा, एवढ्या लवकर ते ना आधी कधी झालं ना नंतर. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आत सगळं काळं पडलेलं होतं. सोमवारी सकाळी ती गेली. शुद्धीत आलीच नाही, त्यामुळे तिला गोळा दाखवायचाही राहिला. तुझे सासरे तेव्हा आमच्याच वॉर्डात टाके वाळवत पडले होते, त्यांनी उठून बसून दोन्ही हात जोडले.

मग ती भ्यायली होती हे कोणी सुरू केलं? तुझ्या बाबांनी. लोक विचारत होते की नंबर लागला असताना बाई परत कशी गेली. चटईवर बसल्या बसल्या ते म्हणाले, भ्यायली, उठून गेली. चुडामणभाऊंनी मान हलवली, की बायामाणसांचं असंच असतं. मी तिथंच होते. मला खोटं बोलावं लागलं नाही, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसले की माझीही सुटका होती. मेलेलं माणूस काय उठून सांगणार? दोन वर्षं तुझ्या सासरी तुला तुझी माय भित्री म्हणून टोमणे मारतात, हे मला झिपरूच्या बायकोकडून कळत होतं. तेव्हाही मी गप्पच बसले. इकडे फळा तसाच चालू आहे. मागच्या महिन्यात मुंबईहून कोणी मोठे साहेब पाहायला आले होते, पाच ऑपरेशनं कशी होतात ते त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि माझ्या घड्याळाचं कौतुक केलं. मला त्यांना सांगावंसं वाटलं, की साहेब, मिनिटं वाचवायची सगळी युक्ती मला ठाऊक आहे, माणूस वाचवायला मला एका शब्दाचं काम होतं आणि तो माझ्या तोंडून निघाला नाही. पण चहा घेऊन ते गेले.

आता तुझ्या त्या तीन ओळी. तू लिहितेस, की नणंदबाई माहेरपणाला आल्या आहेत, त्यांना मूळव्याधीचा त्रास फार आहे, सासरी परत जायच्या आत त्यांचं होऊन जाऊ दे, तर शुक्रवारचा माझा नंबर पुष्पाबाईंना द्यावा, मी चैत्रात येईन, मला तशीही भीती वाटते. कार्ड तुझ्या हातचं आहे, पण सांगितलं कोणी ते मला ओळखू येतं. भ्यायली हे तुझ्या मायच्या तोंडी आम्ही घातलं, ती मेल्यावर. तुझ्या तोंडी ते जिवंतपणीच घातलं गेलं आहे, आणि त्याला कारण आमचंच ते खोटं, म्हणून हे सगळं लिहिलं. पुष्पाबाईंचं नाव मी लिहून घेतलं आहे, नंबर त्रेपन्नावा, माघात येईल, तोवर त्यांना कोमट पाण्यात बसायला सांग. तुझं नाव मी पुसणार नाही. गुरुवारी दुपारच्या एस्टीनं निघ. कोणी सोबत आलं तर ठीक, नाही आलं तर एकटी ये. अंगठ्यासाठी कोणाचा दीर शोधायला नको, तुला लिहिता येतं, तुझी सही तूच कर. आणि हा राग धरून तू आली नाहीस, किंवा तुला येऊ दिलं नाही, तर शुक्रवारी पहिलं ऑपरेशन झाल्यावर मी टेबलावर धुतलेली चादर घालीन, हत्यारं मांडीन, आणि तुझ्या वेळेत दुसऱ्या कोणालाही आत घेणार नाही. डॉक्टर ओरडतील, बाहेर फळ्याखाली बसलेली माणसं मला शिव्या देतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. तरी पाऊण तास ते टेबल रिकामं राहील आणि मी त्याच्यापाशी उभी राहीन. पण तू ये. गुरुवारी दुपारी मी स्टँडवर आहे.

एवढं वाचूनही मला आत्या म्हणशील तर तुझीच,
इंदू